बारावं प्रकरण

सरांच्या पुस्तकाची पानं दर वर्षी कमी व्हायची. मी त्यांच्याकडे टायपिंगच्या कामाला लागले तेव्हा हस्तलिखित सातशे चाळीस पानांचं होतं. तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस ते एकशे सहासष्ट झालं. आकडे पक्के आहेत. कामाची वही मी ठेवत होते आणि ती अजून माझ्याजवळ आहे.

महाराष्ट्र राज्य नवीन होतं. खामगावात मराठी टाइपरायटरची परीक्षा पास झालेल्या मुली चार-पाचच असतील. कचेरीत जागा निघेपर्यंत घरी बसून राहायचं नव्हतं, आणि मिशनच्या आवारातल्या पाद्रीसाहेबांना टायपिस्ट हवी असल्याचं वडिलांनी कोर्टात ऐकलं. ते तिथे कारकून होते. आई म्हणाली, "पाद्र्याच्या बंगल्यात? लोक काय म्हणतीन?" वडील म्हणाले, "लोकांले टायपिंग येते काय?" विषय तिथेच मिटला.

ख्रिस्ती मंडळीतले लोक सरांना रेव्हरंड म्हणत. खामगावला येण्याआधी बारा वर्षं ते दूरच्या शहरात, पाळक म्हणजे चर्चचे धर्मगुरू तयार करणाऱ्या एका सेमिनरीत ईश्वरज्ञान शिकवत होते. ग्रीक यायचं, इंग्रजी तर यायचंच. ती नोकरी सोडून ते खामगावला परत आले, कारण त्यांना एक पुस्तक लिहायचं होतं. मराठी माणसाला देवाविषयी मराठीतच विचार करता यावा, तोही सातवी शिकलेल्या माणसाला, एवढंच त्या पुस्तकाचं काम. प्रकरणं बारा. पहिलं निर्मितीचं, शेवटचं क्षमेचं.

"एवढी चांगली नोकरी सोडलीत?" मी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं.

"मला देवाचं बोलावणं आलं ते प्रवचन करायचं नव्हतं," सर म्हणाले. "समजून घ्यायचं होतं. ते काम जरा हळू चालतं."

किती हळू, ते मला पुढे कळलं.

गोरे मिशनरी गेल्यावर रिकाम्या झालेल्या मोठ्या बंगल्याची एक खोली आणि व्हरांडा सरांकडे होता. पत्नी वारलेली, मूलबाळ नाही. खोलीत खुर्ची एकच, आणि ती माझ्यासाठी. सर स्वतः उभ्यानं लिहीत. चर्चमधून काढून टाकलेलं एक जुनं व्याख्यानपीठ त्यांनी खिडकीशी ठेवलं होतं. बसलं की वाक्यं लांबतात, असं त्यांचं म्हणणं. प्रार्थनाही ते उघड्या डोळ्यांनी करायचे. कारण विचारलं तर म्हणाले, "मिटले की झोप लागते. देवाला ठाऊक आहे, तुम्ही सांगू नका कुणाला."

पहिल्या दिवशी मी कागद चढवून तयार बसले. सर म्हणाले, "अजून टाइप नाही करायचं. आधी ऐका." त्यांनी एक पान वाचून दाखवलं.

"कुठे अडलात?"

"कुठेच नाही," मी म्हटलं. नवी नोकरी होती.

"म्हणजे ऐकलं नाहीत," ते म्हणाले आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागले.

त्यांचा नियम असा होता. प्रत्येक पान तीन कानांवरून जायचं. पहिला कान माझा. दुसरा बाजारातल्या सुभद्राबाईंचा. तिसरा त्यांचा स्वतःचा, पण आठ दिवसांनी. "तोवर लिहिणारा मी विसरलेला असतो," ते म्हणत. तिघांपैकी कुणी अडलं की पट्टी लावून लाल पेन्सिलीनं सरळ रेघ. मग ती ओळ कात्रीनं कापून बिस्किटाच्या डब्यात टाकायची. फेकायची नाही. मी एकदा डबा रिकामा करायला घेतला तर त्यांनी तो हातातून काढून घेतला.

"ही वाक्यं खोटी नाहीत हो. फक्त माझी नाहीत. मी पाठ केलेली आहेत."

दुसऱ्या वर्षी मी दुसरा डबा आणून दिला.

माझ्या स्वभावाला हे सगळं सोसणारं नव्हतं. मी बारा प्रकरणांची यादी करून भिंतीवर लावली होती. प्रकरण पुरं झालं की पुढे बरोबरची खूण. आठवड्यानं यावं तर सरांनी ती खूण खोडलेली असायची. चौथ्या प्रकरणाची खूण मी सहा वेळा केली.

सुभद्राबाई बाजाराच्या कोपऱ्यावर बसायच्या. गावाबाहेर त्यांचा भाजीचा मळा. अक्षरओळख नाही, पण कान तिखट. सर गिऱ्हाईक कमी असेल ती वेळ गाठून जायचे, पोत्याच्या कडेला उकिडवे बसायचे आणि कागद काढायचे. बाई मेथी निवडत ऐकायच्या.

"पादरीबाबा, तुमचा देव लय शिकेल हाये काय?" एकदा त्यांनी विचारलं.

"काऊन?" सरही बाजारात वऱ्हाडी बोलत.

"मंग इतके मोठे शब्द काऊन वापरते? माह्या मळ्यात आला त मी त्याच्यासंगं काय बोलू?"

सरांनी तिथेच पेन्सिल काढली. त्या दिवशी अकरा पानांची तीन झाली. टाइप करायला दिली तेव्हा त्यांचा चेहरा परीक्षेत पहिला आलेल्या मुलासारखा होता.

ऐकण्याबद्दल बाईंना काही द्यावं तर त्या घेत नसत. म्हणून सर त्यांच्याकडे विकायचं राहिलेलं सगळं विकत घेत. व्हरांड्यात कायम निबर दोडके आणि पिवळी पडलेली काकडी. मी घरी जाताना माझ्या पिशवीत काहीतरी कोंबलं जायचं. आईनं अखेर सांगितलं, "तुह्या सरले म्हणा, आमच्या घरी आता दोडके नको."

खोडण्याची सवय पुस्तकापुरती राहिली नाही. धामणगाव बढ्याला एका लग्नात आशीर्वादाचं प्रवचन सरांना करायचं होतं. रात्रभर जागून आठ पानं काढली होती म्हणे. सकाळी बसमध्ये बसले, पेन्सिल काढली आणि धामणगाव येईपर्यंत चार वाक्यं उरली. तेवढीच बोलून खाली बसले. वऱ्हाडी मंडळी वाट पाहत राहिली. नंतर नवऱ्या मुलाच्या आजोबांनी येऊन त्यांचे हात धरले आणि सांगितलं की आजवर इतकी लग्नं पाहिली, पण काय सांगितलं ते ध्यानात राहिलेलं हे पहिलंच. सर ही गोष्ट कधी सांगत नसत. मला ती मंडळीतल्या एकानं सांगितली, तीही तक्रार म्हणून.

पुस्तक छापायचं ते एका प्रकाशन समितीनं. समिती शहरातली. तिनं पाच वर्षांपूर्वीच होकार दिला होता आणि पाच वर्षं ती वाट पाहत होती. मी लागल्यानंतरच्या तिसऱ्या पावसाळ्यात तिचं पत्र आलं. नाताळाच्या आत हस्तलिखित पूर्ण मिळालं नाही तर समिती त्याच विषयावरच्या एका इंग्रजी पुस्तकाचं भाषांतर छापील.

सरांनी पत्र दोनदा वाचलं. "भाषांतर," एवढंच म्हणाले आणि व्याख्यानपीठाकडे पाठ करून उभे राहिले. इंग्रजीतून उसन्या आणलेल्या ज्या विचारांना कंटाळून माणसानं नोकरी सोडली, नेमके तेच आता त्याच्या पुस्तकाच्या जागी छापले जाणार होते.

मी कामाला लागले. भिंतीवरची जुनी यादी काढून नवी लावली, पुढे तारखा घातल्या. सरांना बजावलं की आता केलेली खूण खोडायची नाही. आश्चर्य म्हणजे त्यांनी ऐकलं. दिवाळीपर्यंत अकरा प्रकरणं झाली. बारावं, क्षमेचं, मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं, कारण त्यात काही काम नव्हतं. ते सरांचं सगळ्यात जुनं प्रकरण. सेमिनरीत बारा वर्षं शिकवलेलं, घासून गुळगुळीत झालेलं. एकोणीस पानं, आणि मी आल्यापासून त्यात एक रेघ पडली नव्हती. राहिलं होतं ते फक्त सुभद्राबाईंना वाचून दाखवणं.

त्या दिवशी मीही बरोबर गेले. प्रकरण ऐकवून झालं की थेट पोस्टात जायचं असा माझा बेत होता. सरांनी वाचलं. वाचलंही सुरेख. देव कसा क्षमा करतो, का करतो, माणूस त्यानं कसा मोकळा होतो. बाईंच्या हातातली मेथी कधीच निवडून झाली होती.

"समजलं सगळं," त्या म्हणाल्या.

मी पिशवी उचलली.

"एक इचारू काय, बाबा? माह्या दिरानं औंदा आमच्या वांग्याच्या वाफ्यात म्हशी घातल्या. जाणूनबुजून. आख्खा वाफा गेला. मंग देऊळगावराजाले बालाजीच्या यात्रेले गेला, डोकं भादरलं, अन् घरी येऊन म्हणते, मी आता मोकळा. तुमच्या देवाचं बी असंच दिसते. त्यानं माफ केलं, बरं केलं. पन ज्याचं नुकसान झालं, त्याले कोनी इचारलं काय?"

सरांनी कागद घडी करून खिशात घातला, उरलेली वांगी घेतली आणि निघाले. रस्ताभर मी सांगत होते की एक वाक्य वाढवू, सर, शेवटच्या पानावर जागा आहे. बंगल्यावर आल्यावर त्यांनी पलंगाखालची पेटी ओढली आणि तळातून एक पिवळा पडलेला कागद काढून माझ्यासमोर ठेवला.

ती परीक्षेची उत्तरपत्रिका होती. प्रश्न होता, पापक्षमेचा आधार सांगा. खाली शाईनं, मोठ्या वळणदार अक्षरांत तीनच वाक्यं होती. देव क्षमा करतो. पण ज्याचे वाईट झाले त्याला विचारल्याशिवाय देव क्षमा करील असे मला वाटत नाही. याहून जास्त मला लिहिता येत नाही.

त्याखाली लाल पेन्सिलीनं सरांचा शेरा. उत्तर अपुरे. विद्यार्थ्यास प्रश्न समजलेला नाही. दीक्षेस योग्य नाही.

"याकोब नाव त्याचं," सर म्हणाले. "पाळक व्हायला आला होता. या शेऱ्यावर घरी गेला."

"मग ही तुम्ही ठेवलीत कशाला?"

"फेकता आली नाही. माझं काही चुकलंय असं वाटलं नव्हतं. तरी फेकता आली नाही."

याकोब देऊळगावराजाला सायकलचं दुकान चालवतो, एवढं त्यांना ऐकून ठाऊक होतं. पत्र पाठवा, असं मी सुचवलं. नाताळाला पाच आठवडे होते आणि देऊळगावराजा म्हणजे चिखलीला गाडी बदलून जायचं यायचं, अख्खा दिवस जाणार. सर म्हणाले, "पत्रात त्याला माझं तोंड दिसणार नाही." मग मी गाड्यांच्या वेळा लिहून काढल्या. सरांना एकट्यानं पाठवण्यात अर्थ नव्हता. पेन्सिल खिशात असताना ते कुठल्याही गावाला उतरले असते. मी एकटी त्यांच्याबरोबर जाणं आईला मान्य नव्हतं. तेव्हा सुभद्राबाई म्हणाल्या, "मी येतो नं. मले बी बालाजीले काही इचारायचं हाये."

असे आम्ही तिघे निघालो. गाडीत सरांनी पेन्सिल काढली नाही.

दुकान बसस्टँडजवळच होतं. समोर पाण्याची घमेली, टायरांची चळत, भिंतीवर येशूचं एक चित्र. पंचेचाळिशीचा माणूस ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत होता. त्यानं वर पाहिलं आणि ट्यूब हातात तशीच ठेवून उभा राहिला.

"सर?"

"हो."

"बसा की. कसं काय इकडं?"

सर बसले नाहीत. वर्गात उभे राहत तसे उभे राहिले, खिशातून उत्तरपत्रिका काढली आणि ती वाचली. आधी याकोबची तीन वाक्यं. मग स्वतःचा शेरा, एकही शब्द न गाळता. पंक्चर काढून घ्यायला आलेला एक माणूस सायकल धरून ऐकत होता.

"उत्तर बरोबर होतं," सर म्हणाले. "मलाच प्रश्न समजला नव्हता. तुम्हाला पाळक व्हायचं होतं, ते मी होऊ दिलं नाही. मला क्षमा कराल का, हे विचारायला आलोय."

आपल्या विद्यार्थ्याला ते अहो-जाहो करत होते.

याकोबनं ट्यूब पुन्हा पाण्यात घातली. ती हळूहळू फिरवत राहिला. एका जागी बुडबुडे आले, तिथे त्यानं अंगठा दाबून धरला.

"माझे वडील जिवंत होते, सर, तेव्हा," तो म्हणाला. "मी म्हणायलो, बाबा, परीक्षेत नापास केलं. ते म्हणायचे, एका परीक्षेपायी कुणी घरी पाठवत नसतंय. तू काहीतरी वंगाळ वागला असशील, तोंडानं सांगंना झालास. मरेपर्यंत त्यांना तसंच वाटत होतं. त्यांना कसं विचारणार तुम्ही?"

"नाही विचारता येणार."

"मग?"

"मग तेवढं राहील," सर म्हणाले. "माझ्यावर."

 सायकल धरून ऐकणारा माणूस ती भिंतीला टेकवून खाली बसला. याकोबनं हात पुसले, समोरच्या हॉटेलातून चहा सांगितला. सुभद्राबाईंना पाट दिला.

"पुस्तक लिवायलात म्हणं," चहा पिताना तो म्हणाला. "हे घालणार का त्यात?"

"घालू का?"

"घाला. तुम्ही विचारलं, एवढं घाला. मी काय म्हणलो ते नका घालू. ते माझंय."

परतीच्या गाडीत सरांनी पेन्सिल काढली. चिखली येईपर्यंत एकोणीस पानांतली साडेसतरा गेली.

दुसऱ्या दिवशी मी बारावं प्रकरण टाइप केलं. दीड पान. त्यात भाजी विकणाऱ्या एका बाईचा प्रश्न होता, एका विद्यार्थ्याचं उत्तर होतं आणि एका परीक्षकानं वीस वर्षं उशिरा केलेला प्रवास होता. शेवटचं वाक्य, परीक्षकाने विचारले. पुढे काही नाही. बाड नाताळाच्या बरंच आधी गेलं. मी यादीतली शेवटची खूण केली.

समितीचं उत्तर जानेवारीत आलं. अकरा प्रकरणं फार आवडली होती, अशी साधी भाषा आजवर कुणी लिहिली नाही असंही लिहिलं होतं. अडचण बाराव्याची. क्षमेचं प्रकरण असं अर्धवट सोडता येणार नाही, वाचक गोंधळेल. एक तर समारोप लिहावा, नाही तर प्रकरण गाळावं. दोन्हींपैकी काहीही केलं तरी पुस्तक छापायला घेऊ.

मी सरांपुढे हात जोडायचेच बाकी ठेवले होते. "सर, तुम्ही पावणेसहाशे पानं खोडलीत. कुणी सांगितलं नसताना खोडलीत. आता दीड पान खोडलं की पुस्तक छापून येतंय."

"ती पानं माझी नव्हती," सर म्हणाले.

"समारोप तरी लिहा. दोन ओळी."

"तो माझ्या हातात नाही. तुमच्यासमोरच सांगितलं त्यानं, ते माझंय म्हणून."

त्यांनी समितीला नम्र पत्र लिहायला सांगितलं. मी टाइप केलं. त्या वर्षी भाषांतर छापून आलं, जाड पुठ्ठ्याचं, चांगल्या कागदावर. समितीनं एक प्रत सरांना भेट पाठवली. त्यांनी ती पूर्ण वाचली आणि म्हणाले, मेहनत चांगली आहे. मनापासून म्हणाले. मला त्याचा जास्त राग आला.

मला पुढे कचेरीत नोकरी लागली. पण त्याआधी मी एक काम केलं. पुस्तकाच्या सगळ्या पानांचे स्टेन्सिल कापले आणि मिशनच्या शाळेतल्या सायक्लोस्टाइल यंत्रावर शंभर प्रती काढल्या. आठ दिवस हात काळे होते. सर त्या प्रती पिशवीत घेऊन खेडोपाडी फिरले. मागेल त्याला द्यायचे, आधी एक पान वाचून दाखवायचे आणि विचारायचे, कुठे अडलात?

आणि दर वर्षी नाताळाच्या आधी ते देऊळगावराजाला जात. सकाळच्या गाडीनं जायचे, रात्री परत. मी नोकरीत असले तरी गाड्यांच्या वेळा त्यांना कागदावर लिहून देत असे. एकदा मी विचारलं, "त्यांनी काही सांगितलं का?"

"चहा पाजतो," सर म्हणाले.

"तुम्ही पुन्हा विचारता?"

"नाही. एकदा विचारलंय. आता नुसता बसतो."

अशा नऊ खेपा झाल्या. दहाव्या वर्षी, कागद लिहून द्यायच्या आधीच, सर गेले. व्याख्यानपीठाशी उभे असतानाच कोसळले. मंडळीला कळवणं, कबरस्तानाची व्यवस्था, सगळं यादीप्रमाणे झालं, आणि यादीत मी एक तार घातली होती.

याकोब पहिल्या गाडीनं आला. नखांत ग्रीस तसंच होतं. पाळकांनी शास्त्र वाचलं, लोकांनी मूठ मूठ माती घातली. त्यानं सर्वांत शेवटी घातली आणि तिथेच उभा राहिला. मी सरांच्या पेटीतली उत्तरपत्रिका आणली होती, ती त्याच्या हातात दिली. लाल शेऱ्यावर पट्टी लावून सरळ रेघ मारलेली होती. त्या जागी दुसरं काही लिहिलेलं नव्हतं. त्यानं कागद वाचून घडी केला आणि वरच्या खिशात ठेवला.

सुभद्राबाई मागे उभ्या होत्या. त्या कधी आडून बोलल्या नाहीत.

"केलं का रे भाऊ माफ?"

"बापाचं अर्धं बापाकडंय, बाई. ते मला देता येत नाही," याकोब म्हणाला. "माझं अर्धं मी कवाच देऊन बसलो. पहिल्याच दिवशी, चहा सांगितला तवाच."

"मंग सांगतलं काऊन नाही त्याईले? नऊ वर्सं आला थो मानूस."

याकोब कबरीकडे बघत होता.

"सांगितलं असतं तर यायचे थांबले असते," तो म्हणाला.

मग त्यानं मला चिखलीकडे जाणारी गाडी किती वाजता आहे ते विचारलं. मला तोंडपाठ होतं. पावणेचार.